शीर्षासनासाठी बॅच मागे लागलीय, काय करू?

प्रश्न: मी सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळची योगाची बॅच घेते, बहुतेक बायका पन्नाशीच्या आसपासच्या. रील्स बघून सगळ्या शीर्षासन शिकवा म्हणून मागे लागल्यात. एकीला बीपीची गोळी चालू आहे पण ती म्हणते कंट्रोलमध्ये आहे. भिंतीशी, मी पाय धरून करून घेतलं तर चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: ताई, पाय धरून वर चढवणं यातच खरी गोम आहे. जिला स्वतःहून चढता येत नाही तिच्या खांद्यात अजून तेवढा जोर आलेला नाही, तुम्ही पाय वर नेऊन दिलेत की सगळा भार मानेवर, आणि तुम्ही पाय धरून उभ्या, म्हणजे खाली मानेचं काय चाललंय ते तुम्हाला दिसतही नाही.

बीपीवाल्या ताईंना सरळ नाही म्हणा. कंट्रोल आहे तो गोळीमुळे. त्यांना पाठ जमिनीवर, पोटऱ्या खुर्चीवर, डोक्याखाली पातळ उशी असं झोपवा, तेवढं पुरे. काचबिंदूचं विचारलंत का कोणाला? शीर्षासनात डोळ्यातलं प्रेशर जवळपास दुप्पट होतं, हे मोजलेलं आहे, आणि काचबिंदू बऱ्याच जणांना असतो पण माहीतच नसतो, त्यामुळे आधी डोळे तपासून या म्हणायचं. मानेचा स्पॉन्डिलायटिस, ठिसूळ हाडं, हर्निया असेल तरी नाहीच. आणि हे सगळ्यांसमोर विचारू नका, कोणी खरं सांगत नाही, एकेकीला बाजूला घ्या.

बाकीच्यांना आधी सर्वांगासन, तेही ब्लँकेटवर. पुण्यात योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गुरुजींच्या शिवाजीनगरच्या संस्थेत (1975 पासून आहे ती) ब्लँकेट, खुर्ची, भिंतीच्या दोऱ्या हे सगळं उगाच नाही वापरत. तीन-चार ब्लँकेट घडी घालून कडा एकावर एक जुळवा, खांदे त्या कडेपासून दोन बोटं आत, डोकं खाली सतरंजीवर. मानेच्या मुळाशी जे हाड वर आलेलं लागतं ना, तिथे बोट घालून बघा, ते खाली दाबलं जात असेल तर अजून एक ब्लँकेट लागणार. वर गेल्यावर मान अजिबात वळवायची नाही, आणि सोसायटीच्या बॅचमध्ये हेच सगळ्यात अवघड, कारण शेजारणीचे पाय कुठवर गेले ते बघायचंच असतं!

शीर्षासनाची तयारी म्हणाल तर गुडघे जमिनीवर, कोपरं खांद्याइतक्या अंतरावर, बोटं गुंफलेली, आता हात दाबून डोकं जमिनीपासून उचला आणि पाय सरळ करा. यात डोकं न टेकता मिनिटभर आरामात श्वास चालला तर पुढचं बघू, खांदे कानाकडे यायला लागले की थांबायचं. बऱ्याच जणींचे यातच काही महिने जातात, जाऊ देत. पाळीच्या दिवसांत मी उलटी आसनं घेत नाही, ही परंपरा आहे, वैद्यकीय पुरावा फारसा नाही, पण त्या दिवसांत सुप्त बद्धकोणासन (पाठीवर झोपून, तळपाय जुळवून गुडघे बाजूला सोडायचे) दिलं तर कोणाची तक्रार नसते.

आणि उतरणं चढण्याच्या आधी शिकवा. चेहरा लाल, कानात दडे, डोळ्यात ताण, काहीही वाटलं की लगेच खाली, आणि खाली आल्यावर बालासनात कपाळ टेकून राहायचं, ताडकन उभं राहायचं नाही.