कुटाराचा हिशेब

(वर्धा जिल्ह्यात आर्वीच्या पुढं, गावापासून दोन किलोमीटरवर, तीन एकर कोरडवाहू वावरात आमच्या एक लेखिका गेली अकरा वर्षं राहतात. सोबत टाकून दिलेली, जखमी आणि म्हातारी मिळून १७ जनावरं. त्यांच्या मागच्या लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी काहींना त्यांनी दिलेली उत्तरं.)

प्रश्न : मी ४१ वर्षांची आहे, बँकेत नोकरी करते. तुमचा लेख वाचून रडले. नोकरी सोडून तुमच्यासारखंच मुक्या जीवांसोबत राहावं, असं मनानं घेतलंय. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, डोंबिवली

ताई, सुरुवात मे महिन्यापासून करा. डिसेंबरात इकडं येऊ नका. डिसेंबरात तुरीला शेंगा लागलेल्या असतात, सकाळी धुकं असतं आणि गाढवसुद्धा देखणं दिसतं. नवतपा लागतो तेव्हा या. त्या दिवसांत इथं पारा ४५ च्या वर जातो आणि कोठ्यावरचे, म्हणजे गोठ्यावरचे, टिनपत्रे पाहूनच घाम फुटतो. पत्र्यांवर पऱ्हाटीच्या (कपाशीच्या झाडांच्या) पेंढ्या टाकायच्या, त्यावर भिजवलेली पोती. तासाभरात ती वाळून कडक होतात, मग पुन्हा बादली घेऊन शिडी चढायची. माझं वय ५८ आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण खरा हिशेब कुटाराचा, म्हणजे मळणीत निघणाऱ्या भुशाचा असतो. माझ्याकडं चार बैल, दोन गाई, तीन गाढवं, सात कुत्री आणि एक शेळी. एका बैलाला दिवसाला आठ-नऊ किलो सुका चारा धरा. सहा मोठ्या जनावरांचे ५४ किलो झाले. फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत १२० दिवस धुऱ्यावर (बांधावर) गवताची काडी नसते. म्हणजे साडेसहा टन. गाढवांचा टनभर वेगळा. हे सगळं दिवाळीच्या आसपास, सोयाबीनची मळणी चालू असतानाच गोळा करावं लागतं. मळणीयंत्र ज्या वावरात, त्या वावरात मी बंडी घेऊन हजर. तुरीचं कुटार नंतर येतं, ते जनावरं जास्त आवडीनं खातात. उन्हाळ्यात पाणी रोज साडेतीनशे लिटर. एप्रिलात विहीर तळ गाठते, मग टँकर. माझं लेखनाचं मानधन सरकी ढेपेच्या पोत्यांत मोजलं, तर तुम्ही नोकरी सोडणार नाही.

आणि कुत्र्यांत वावरायचं असेल, तर आधी रेबीजची लस स्वतः टोचून घ्या, चावा बसण्याची वाट पाहू नका. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा. आधी लस घेतलेली असली तरीही. हळद-चुना लावून घरी बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

रडू येणं काही वाईट नाही. पण जखमेत अळ्या पडलेलं कुत्रं आलं की टर्पेंटाइनचा बोळा घेऊन बसावं लागतं, आणि डोळ्यांत पाणी असलं की अळ्या दिसत नाहीत.

प्रश्न : गाढव खरंच मूर्ख असतं का? तुमच्या गाढवांची नावं काय? – इयत्ता सहावीतला वाचक, पुसद

बुधी, शुक्र्या आणि धाकटा शुक्र्या. जो जीव ज्या वारी आला, त्या वाराचं नाव. मी लेखिका असून एवढी कंजुषी का, असं सगळे विचारतात. पण १७ जणांना हाका मारायच्या म्हटल्यावर नाव तोंडात बसणारं हवं.

मूर्ख अजिबात नाही. घोडा घाबरला की पळतो. गाढव घाबरलं की थांबतं आणि विचार करतं. माणसाला वाटतं, अडलंय. ओलिताचा काळा पाइप वाटेत आडवा पडला होता, तर बुधी त्याच्यासमोर पाऊण तास उभी राहिली. तो साप नाही याची तिची खात्री पटली, मग ती गेली. मी त्याच पाइपाला दोनदा अडखळून टोंगळे फोडून घेतले आहेत. आता मूर्ख कोण ते तूच ठरव.

बुधी वीटभट्टीवरून आली. पुढचा खूर वाढून वहाणेसारखा वर वळला होता. गाढवाचे खूर दर दीड-दोन महिन्यांनी कापावे लागतात, आपल्या नखांसारखे. भट्टीवरच्या कुटुंबाला ते कळत नव्हतं असं नाही. त्यांना हंगामात एक दिवसही सुट्टी नव्हती.

प्रश्न : निसर्गाच्या आणि प्राण्यांच्या सहवासात लेखनाला किती प्रेरणा मिळत असेल! दिनक्रम सांगाल? – पुणे

प्रेरणा मिळत नाही, वेळ मिळतो. तोही दुपारी एक ते चार, कारण तेव्हा उन्हानं सगळी पडलेली असतात. कोठ्यात ओल्या पोत्यांमुळं घरापेक्षा गारवा, म्हणून तिथंच ढेपेच्या पोत्यावर बसून लिहिते. सध्याची कादंबरी एका जिनिंगमधल्या दिवाणजीची आहे. तिच्यात एकही जनावर नाही. सकाळी साडेचारपासून शेण काढल्यावर दुपारी पुन्हा तेच कोण लिहील?

प्रश्न : आमच्या चण्याच्या वावरात रोहीचं (नीलगायीचं) पिल्लू एकटंच बसलेलं सापडलं. आई दिसत नाही. घरी आणून बाटलीनं दूध पाजतो आहोत. तुम्ही घ्याल का? – उमरेड तालुका

नाही, आणि तुम्हीही ठेवू नका. पत्र माझ्यापर्यंत येईस्तोवर बरेच दिवस गेले असतील, म्हणून ज्यांना पुढं कधी असं पिल्लू दिसेल त्यांच्यासाठी लिहिते. रोहीण आपलं कोवळं पिल्लू गवतात, पिकात लपवून चरायला जाते आणि पाजायला परत येते. पिल्लू एकटं म्हणजे पोरकं नव्हे. हात न लावता लांब व्हायचं, त्या भागातली कुत्री बांधायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहायची. जखमी असेल किंवा आई मेलेली डोळ्यांनी दिसली असेल, तर वनविभागाला १९२६ वर फोन करायचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं रोही काय, पोपटही घरात ठेवता येत नाही.

हेमलकसा पाहून आलेले बरेच जण मला विचारतात, तुमच्याकडं बिबट्या नाही? प्रकाश आणि मंदाकिनी आमटे १९७३ पासून तिथं राहिले, शिकारीत आई मेलेली पिल्लं आदिवासी त्यांच्याकडं आणून देत गेले. त्या कामाची जातच वेगळी. माझ्याकडं म्हातारे बैल आहेत, हो. तेही दाखवते, पण लोक फोटो काढत नाहीत.

प्रश्न : ताई, माझ्याकडं दोन बैल हायेत, एक १६ वर्साचा, दुसरा त्याच्याहून मोठा. वखर-डवरा समदा आता ट्रॅक्टरनं होते. बाजारात कोनी घेत नाही. चारा पुरत नाही. पोरगा म्हनते सोडून द्या रस्त्यावर. तुम्ही ठेवसान का? सोडले तर मी पापी का? – एक शेतकरी, दर्यापूर तालुका

भाऊ, तुमचं पत्र मी तीन दिवस खिशात ठेवून फिरले.

ठेवू शकत नाही. माझं कुटार सहा जनावरांचं आहे. सातवं आलं की सहांच्या तोंडचं जातं.

पापाचं मला विचारू नका. २०१५ च्या मार्चपासून राज्यात बैल-गोऱ्ह्यांच्या कत्तलीवर बंदी आली. त्याआधी म्हातारा बैल विकून आलेल्या पैशांत थोडी भर घालून शेतकरी नवा गोऱ्हा घेत असे. आता तो पैसा येत नाही, ट्रॅक्टरचं भाडं मात्र द्यावं लागतं. कायदा बरा की वाईट यावर शहरात खूप वाद झाले. म्हाताऱ्या बैलाला रोजचे आठ किलो कोण घालणार, हे तेव्हाही कुणी नीट सांगितलं नाही. मी जनावरं सांभाळते म्हणून लोक धरून चालतात की मी तुम्हाला शिव्या घालीन. मी नाही घालणार. पण रस्त्यावर सोडू नका. मोकाट बैल प्लॅस्टिक खातो, फवारलेल्या पऱ्हाटीत शिरतो, नाहीतर रात्री ट्रकखाली येतो. त्यातलं एकही मरण लवकर येत नाही.

जमण्यासारखं सांगते. एवढ्या वयाच्या बैलाचे दात झिजलेले असतात, अख्खा कडबा तो चघळून टाकून देतो आणि आपल्याला वाटतं चारा पुरत नाही. कुट्टी बारीक करा, कुटार तासभर भिजवून द्या, वाया जाणं कमी होईल. तुमचा खारपाणपट्टा, बोअरचं पाणी खारं. शेततळं असेल तर बैलांचं पाणी त्यातलं काढा. पशुवैद्यकाची गाडी १९६२ वर फोन केल्यावर येते, जंताचं औषध विचारून घ्या. दिवाळीनंतर माझ्याकडं कुटार उरलं तर काही पोती आर्वीपर्यंत पोचवीन. पुढची सोय तुम्ही बघा.

हे पोत्यांचं मी आधीही केलं आहे. दोन वर्षांपूर्वी एप्रिलात एक म्हातारबुवा १४ किलोमीटर चालत बैल घेऊन आले. मी कुटाराची गंजी दाखवली आणि नाही म्हणाले. ते काही बोलले नाहीत. बैल फाटकाबाहेरच्या निंबाला बांधला आणि निघून गेले. मला राग आला. रात्री उठून बैलाला पाणी दाखवलं, तर त्यानं तोंड लावलं नाही, गावाच्या रस्त्याकडं बघत राहिला. पहाटे चारला फाटक वाजलं. म्हातारबुवा बसथांब्यावर झोपले होते, घरी गेलेच नव्हते. म्हणाले, "बाई, येच्याबगर मले घरी कोनी इचारत नाही." दावं सोडलं आणि दोघं आल्या वाटेनं परत गेले. मी मागाहून चार पोती कुटार पाठवलं. तेवढंच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ते पुन्हा आले, एकटे. मी तेव्हा आमच्या आंधळ्या सोम्याचा खांदा शेकत होते. सोम्याच्या खांद्यावर सहा वर्षांत जू पडलेलं नाही, तरी पळसाच्या पानानं हळद-तूप लावते आणि "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणते, कारण म्हटलं नाही तर तो मान हलवत उभा राहतो. म्हातारबुवांचा बैल आषाढात त्यांच्याच कोठ्यात गेला होता. त्यांनी पिशवीतून त्याची घुंगरमाळ काढली. "तुमच्या आंधळ्याले बांधा."

मी सोम्याला बांधून पाहिली. स्वतःच्याच गळ्यातल्या आवाजानं तो बिचकायला लागला, भिंतीला धडकला. मग बुधीच्या गळ्यात घातली. आता सकाळी गाढवीण पुढं पाण्यावर निघते, घुंगरं वाजतात आणि सोम्या आवाजामागं बरोबर हौदापर्यंत जातो. म्हातारबुवांना मी हे अजून सांगितलेलं नाही. बैलाची माळ गाढवाच्या गळ्यात, त्यांना काय वाटेल कोण जाणे.