आफ्रिकेतल्या खेड्यांत नुसते टॅब्लेट वाटून डिजिटल शिक्षण आणि रोजगार पोहोचेल का?

नुसते वाटून नाही. पण नीट केलं तर फरक पडतो, आणि त्याला टांझानियाचा दाखला आहे. टांगा भागातल्या 170 गावांत एका जागतिक स्पर्धेसाठी सुमारे तीन हजार मुलांना टॅब्लेट दिले होते. बरीचशी मुलं शाळेची पायरीही न चढलेली. दोन गोष्टी कामी आल्या. धडे थेट स्वाहिलीत होते, इंग्रजीत नव्हे. आणि गावात वीज नसली तरी सौर पॅनेलवर चार्जिंगची सोय होती. ती गावातल्याच बाया सांभाळायच्या. पंधरा महिन्यांत बरीच मुलं अक्षरं ओळखून शब्द वाचू लागली. मला तर त्या चार्जिंगवाल्या बायाच सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात. टॅब्लेट बंद पडला की अभ्यासही थांबतो.

रोजगाराचं म्हणाल तर कोडिंगच्या आधी दुरुस्ती शिकवा. झांझिबारमध्ये बेअरफूट कॉलेज (मूळ आपल्या राजस्थानातल्या तिलोनियाचं) फारसं न शिकलेल्या खेड्यातल्या बायकांना सौर दिवे बसवायला आणि दुरुस्त करायला शिकवतं. हे कौशल्य गावातच विकलं जातं, त्यासाठी शहर गाठावं लागत नाही. केनियात 2007 पासून एम-पेसा (मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा) साध्या बटणांच्या फोनवर चालतंय, तेव्हा स्मार्टफोन येईपर्यंत थांबायचीही गरज नाही.