आधी डोमेन, मग सॉफ्टवेअर

प्रश्न : गुहागरजवळ आमचं चार खोल्यांचं घरगुती निवास आहे. बुकिंग सगळं फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं. आता स्वतःची वेबसाइट करायची आहे. भाचा म्हणतो विक्स घे, ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात वर्डप्रेसच हवं, यूट्यूबवर कोणी फिग्मा शिकवतं तर कोणी ड्रीमवीव्हर. मला कोडिंग येत नाही. जुना लॅपटॉप आहे. कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?
– एक वाचक भगिनी, गुहागर

उत्तर : ताई, तुम्हाला सुचवलेली चारही नावं एका पंगतीतली नाहीत, म्हणून गोंधळ उडतोय. फिग्मा हे मुळात डिझायनर मंडळींचं आखणीचं साधन. ड्रीमवीव्हर 1997 पासूनचं आहे, पण त्याचा खरा उपयोग एचटीएमएल, म्हणजे वेबपान लिहायची भाषा, कळणाऱ्याला, शिवाय त्याची वर्गणी भरावी लागते. ही दोन्ही बाजूला ठेवा.

विक्स की वर्डप्रेस, हे ठरवण्याआधी एक काम करा. डोमेन, म्हणजे तुमच्या साइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर विकत घ्या. डॉट इन घेतलंत तरी चालेल. डोमेन म्हणजे साइटचा सातबारा. त्यावर नाव तुमचं, ईमेल तुमचा आणि नूतनीकरणाची आठवणही तुमच्याच फोनवर यायला हवी. माझ्या ओळखीच्या एका मंगल कार्यालयाचं डोमेन साइट बनवणाऱ्या मुलाने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. तो गाव सोडून गेला, फोन लागेना, मुदत संपली आणि पत्ता हातचा गेला. पत्रिकांवर, फलकावर, रिक्षांच्या मागे तोच छापलेला होता. त्या माणसांची हळहळ मी पाहिली आहे, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगतो. घेताना पहिल्या वर्षाची सवलत पाहू नका, दुसऱ्या वर्षापासून किती पडेल ते पाहा. बहुतेक ठिकाणी तो आकडा मोठा असतो.

आता सॉफ्टवेअर. तुमच्या चार खोल्यांसाठी मी गूगल साइट्सने सुरुवात करा म्हणेन. जीमेलचं खातं असलं की ते फुकट आहे, लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये चालतं आणि तुमचं डोमेन त्याला जोडता येतं. फोटो, मजकूर, नकाशा, चौकशीसाठी गूगल फॉर्म एवढं सहज बसतं. दिसायला ते साधं आहे, सजावटीला फारसा वाव नाही. पाहुण्याला त्याचं काही नसतं, त्याला माहिती हवी असते.

विक्स दिसायला देखणं आहे, मांडणी माऊसने ओढून करता येते, हे खरं. पण तिथे बनवलेली साइट उचलून दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. नवख्या माणसाने कुठलंही साधन घेताना हा प्रश्न आधी विचारावा : उद्या इथून निघायचं झालं तर माझ्या हातात काय राहील? गूगलवरच्या दुकानांच्या नोंदीसोबत पूर्वी एक फुकट छोटी वेबसाइट मिळायची. मार्च 2024 मध्ये गूगलने त्या सगळ्या बंद केल्या. ज्यांचा पत्ता स्वतःचा होता त्यांनी तो नव्या साइटकडे वळवला, बाकीच्यांचा पत्ताच गेला. गूगल साइट्सलाही हाच नियम लावा. मजकूर आणि मूळ फोटो एका फोल्डरमध्ये वेगळे जपून ठेवा.

वर्डप्रेस 2003 पासून आहे, मुक्त आहे आणि जगातल्या सर्वाधिक वेबसाइट त्यावर चालतात. त्यात मराठीही आहे. पण नाव एक आणि वाटा दोन, इथे बरेच जण फसतात. वर्डप्रेस डॉट कॉम ही सेवा आहे, सगळं ते सांभाळतात आणि हव्या त्या सोयींचे पैसे घेतात. वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून मिळतं ते नुसतं सॉफ्टवेअर. होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची जागा, तुम्ही घ्यायचं, प्लगिन, म्हणजे जादा सोयींचे जोड, अद्ययावत ठेवायचे, बॅकअपही तुम्हीच घ्यायचा. तारखेनुसार रिकाम्या खोल्या दाखवणं, ऑनलाइन आगाऊ रक्कम घेणं अशी गरज लागली की तिकडे वळा. पहिल्या दिवशी त्याचा भार घेऊ नका.

साइटवर काय घालाल, त्याकडे मात्र सॉफ्टवेअरपेक्षा जास्त लक्ष द्या. फोनवर लोक तुम्हाला जे विचारतात तेच लिहा. चिपळूण स्टेशनवरून कसं यायचं, दापोलीकडून येणाऱ्यांनी दाभोळ-धोपावे फेरीबोट घ्यावी का, हेदवी-वेळणेश्वर एका दिवसात होतं का, मासे मिळतात का, शाकाहारी माणसाची सोय काय, गाडी कुठे लावायची. दर लपवू नका. आणि फोन नंबर फोटोत टाकू नका, अक्षरांत टाका आणि त्याला कॉलची लिंक द्या, म्हणजे बोट लावताच फोन लागेल.

तुमचं छापील माहितीपत्रक असेल तर त्याचा मजकूर तसाच चिकटवून पाहा. डीटीपीवाल्याने जुन्या, युनिकोड (सगळीकडे सारखं चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टात केला असेल तर पडद्यावर निरर्थक अक्षरं उमटतील. मग तो मोबाइलमधल्या जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डवर बोलून नव्याने उतरवणं सोपं. अक्षरासाठी मुक्ता वापरून पाहा. मुंबईच्या एक टाइपने केलेला हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे आणि छोट्या पडद्यावर जोडाक्षरं स्वच्छ दिसतात.

आणि फोटो! मोबाइलचा एक फोटो तीन-चार एमबीचा असतो. असे वीस टाकले की घाटातल्या नेटवर्कवर पान उघडणारच नाही. स्क्वूश नावाचं फुकट साधन ब्राउझरमध्येच चालतं. फोटो त्यात टाका, रुंदी 1600 पिक्सेल करा, वेबपी प्रकार निवडा. दोन-तीनशे केबीत काम होतं आणि मोबाइलवर फरक सहसा कळत नाही. पान तयार झालं की घरचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर स्वतः उघडून पाहा.

प्रश्न : बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वेबसाइटची कामं घ्यायची आहेत. कोणतं सॉफ्टवेअर शिकू?
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : तुमची गरज ताईंच्या उलट आहे. तुम्ही एचटीएमएल आणि सीएसएस (पानाचं रंगरूप ठरवणारी भाषा) यांपासूनच सुरुवात करा, कारण ग्राहकाकडे बिघडलेलं पान आलं की माऊसने ओढून ते दुरुस्त होत नाही. लिहायला व्हीएस कोड घ्या, फुकट आहे. कुठल्याही साइटवर क्रोममध्ये एफ-12 दाबा, तिचा सांगाडा समोर येतो. तिथे रंग, अंतर बदलून काय होतं ते पाहत बसा, याइतका चांगला वर्ग मला माहीत नाही. अडलं की एमडीएन ही वेबच्या भाषा समजावणारी साइट वाचा. स्वतःची पानं गिटहब पेजेसवर फुकट ठेवता येतात, कामं मागताना तीच दाखवा. त्यानंतर वर्डप्रेस शिका, कारण बाजारातली बरीचशी कामं त्याचीच असतात. चोरून फोडलेले थीम (साइटचे तयार साचे) आणि प्लगिन मात्र कुणी फुकट दिले तरी ग्राहकाच्या साइटवर चढवू नका. त्यांत अनेकदा घातक कोड दडवलेला असतो आणि नुकसान त्या दुकानदाराचं होतं. पहिल्या कामापासून डोमेन ग्राहकाच्याच नावावर, त्याच्याच ईमेलने घ्या आणि पासवर्ड त्याच्या हातात द्या.