चक्र परत का दिली?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. 'आयएनएस चक्र' ही अणुपाणबुडी 1988 मध्ये आली, असं तिनं एका ठिकाणी वाचलं, दुसरीकडं 2012. खरं काय? आणि एवढी मोलाची वस्तू आपण परत का दिली?
– एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : लेकीला सांगा, दोन्ही खरं आहे. चक्र दोन होत्या, आणि दोन्ही भाड्याच्या.

पहिली म्हणजे सोव्हिएत नौदलाची के-43. 1988च्या जानेवारीत व्लादिवोस्तोकला ती आपल्या नौदलात दाखल झाली, फेब्रुवारीत विशाखापट्टणमला पोचली. मी तेव्हा तिथंच एका डिझेल पाणबुडीच्या इंजिनरूममध्ये होतो. चक्रवर पाय ठेवायची आमची टाप नव्हती, पण तिचं अप्रूप का, हे आम्हाला कुणी समजावायची गरज नव्हती.

आमची बॅटरी उतरली की वर यायचं, स्नॉर्टची, म्हणजे हवा आत घ्यायची नळी पाण्याबाहेर काढायची आणि डिझेल चालवून चार्जिंग करायचं. शत्रूच्या रडारला आयतं आमंत्रणच! नळीवर लाट आली की झडप मिटायची, इंजिन आतलीच हवा ओढायचं आणि कानात दडे बसायचे. डिझेलचा वास अंगात इतका मुरायचा, की सुट्टीवर आलो की आई माझे कपडे वेगळे भिजवायची. गोडं पाणी मोजूनमापून. त्याची सवय सोलापूरकराला असतेच म्हणा.

चक्रला यातलं काही नको. सोलापूरजवळच्या फताटेवाडीच्या एनटीपीसी वीजकेंद्रात कोळसा जे काम करतो, तेच इथं युरेनियम करतं : पाण्याची वाफ, वाफेवर टर्बाइन. मात्र त्याला हवा लागत नाही. गोडं पाणी समुद्रातूनच, ऑक्सिजनही पाण्यातूनच. वर यावं लागतं ते शिधा संपत आला की.

आता परत का दिली? करारच तीन वर्षांचा होता. तिच्यावर अण्वस्त्रं ठेवायची मुभा नव्हती. मुदतवाढ मिळाली नाही आणि 1991च्या जानेवारीत ती गेली. पैसे पाण्यात गेले म्हणणारे तेव्हाही होते. मला ते कधीच पटलं नाही. अणुभट्टी वाचून चालवता येत नाही, तिच्याशेजारी रात्रपाळ्या काढाव्या लागतात. चक्रचे पहिले कमांडर कॅप्टन आर. एन. गणेश पुढे व्हाइस ॲडमिरल झाले आणि आपल्याच अणुपाणबुडी प्रकल्पाचे प्रमुख. त्याच प्रकल्पातली 'अरिहंत' 2009च्या जुलैत विशाखापट्टणमला पाण्यात उतरली. भाडं वसूल झालं ते असं.

दुसरी चक्र म्हणजे रशियाची 'नेर्पा'. पैशाअभावी ती गोदीत वर्षानुवर्षं रखडली. 2008च्या नोव्हेंबरात चाचणीच्या वेळी आग नसतानाच आग विझवणारा वायू सुटला आणि 20 जण गुदमरून गेले. बंद पोलादात हवा जाणं काय असतं, ते पाणबुडीवाल्याला वेगळं सांगावं लागत नाही. एप्रिल 2012 मध्ये ती आपल्याकडं रुजू झाली. करार दहा वर्षांचा होता. 2021च्या जूनमध्ये सिंगापूरच्या सामुद्रधुनीतून पाण्यावरून परत जाताना लोकांना दिसली.

अणुपाणबुडी आतून बघायला मिळणार नाही. पण सोलापूरहून कोणार्क एक्स्प्रेस थेट विशाखापट्टणमला जाते. तिथं रामकृष्ण बीचवर 'कुरसुरा' ही डिझेल पाणबुडी संग्रहालय म्हणून उभी आहे. लेकीला घेऊन जा आणि आत टॉर्पेडोंना (पाण्याखालून सोडायच्या अस्त्रांना) खेटून लावलेले झोपायचे बंक तेवढे नीट बघायला सांगा.