पुण्याहून गोव्यात मराठीत एम.ए. करायला यावं का? समुद्रकिनारे सोडून तिथे मराठी, सांस्कृतिक वातावरण आहे का?

खुशाल या. ‘समुद्रकिनारे सोडून’ हे शब्द वाचले आणि राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

मी फोंडा तालुक्यातल्या माशेलचा. आमच्या घरात बोलणं कोंकणी, वाचणं मराठी, आणि देवापुढे तोंड उघडलं की मराठीच. ताळगावच्या पठारावर विद्यापीठात एम.ए. करताना फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’, म्हणजे मराठी ओव्यांतली ख्रिस्ताची कथा, हाती आलं. 1579 साली इंग्लंडचा हा जेझुइट पंथाचा पाद्री गोव्यात उतरला, दक्षिण गोव्यातल्या साष्टीत राहिला, जवळजवळ 11 हजार ओव्या रचल्या आणि 1616 साली त्या राशोलला रोमन लिपीत छापल्या. मी देवनागरी प्रत घरी आणली. ती मामाच्या नजरेस पडली.

मामा पक्का भजनी, पखवाजावर बसला की जेवणाची शुद्ध नसायची. तो म्हणाला, “ज्यांच्या भयाने देव नदीपार आणावे लागले, त्यांचं पुराण देवखोलीला लागून ठेवतोस?” आमचा देवकीकृष्णही मूळचा चोडण बेटावरचा, पोर्तुगीजांच्या भयाने तिथून हलवत इकडे आणलेला. मला उत्तर सुचलं नाही. पुस्तक मी कपाटात कपड्यांखाली ठेवलं.

त्या वर्षी आषाढीला देवळात चोवीस तासांचं भजन होतं, दुसऱ्या दिवशी चिखलकाला, म्हणजे चिखलातले खेळ. आमची पाळी पहाटेची. अभंगाला हात घालण्याआधी मी दोन ओव्या सुट्या आळवल्या: हरळांत, म्हणजे खड्यांत, जसं रत्न, तशी भाषांत मराठी, या अर्थाच्या. स्टीफन्सच्याच. लोक डोळे मिटून ऐकत होते. मामाने शेवटच्या चरणावर आपणहून ठेका उचलला. खांबाला टेकलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, “ज्ञानेश्वरीतली काय रे?”

चहा पिताना मी मामाला खरं सांगितलं. त्याने कप ठेवला आणि घरी चालता झाला. चतुर्थीपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही. आरतीला घुमट हे मातीचं वाद्य माझ्या हातात दिलं, तेही न बोलता.

आज माझं म्हणणं ठाम आहे. त्या पुराणाच्या आरंभीच धर्मांतर केलेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की आमची पुराणं बंद केलीत, तर तशी तुमची का देत नाही? म्हणजे बाटवायला आलेल्यालाही ओवीच धरावी लागली, कारण इथल्या कानांना दुसरं काही रुचत नव्हतं. मामा, यात आपली भाषा हरली कुठे? त्याच्याही 90 वर्षं आधी, 1526 साली, कृष्णदास शामाने इथे मराठीत कृष्णचरित्र लिहिलं होतं. पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला त्याचंच नाव आहे. तिथे नक्की बसा. ग्रंथालय 1832 पासूनचं आहे.

तेव्हा प्रवेश घेतलात तर वर्ग आणि देऊळ वेगळे ठेवू नका. पणजीतच कांपालला कला अकादमी आहे, तिथले कार्यक्रम बघा. पण ओवी कशी चालते ते मला वर्गापेक्षा भजनात जास्त कळलं. जत्रेतली नाटकं मंडपात बसून बघा. 8 डिसेंबरला पणजीच्या चर्चचं फेस्त, म्हणजे सण, असतं, तिथेही जा. यावरूनही मामाशी माझं वाजलं होतं.

हेही सांगायला हवं: इथे मराठी-कोंकणी वादाची जखम अजून ओली आहे. 1987 च्या राजभाषा कायद्यात राजभाषा कोंकणी आहे, मराठीला सरकारी कामकाजात वापराची मुभा आहे. घरमालकाशी पहिल्याच दिवशी हा विषय काढू नका. नोकरीचं विचाराल तर मास्तरकी, वर्तमानपत्र, यापलीकडे मी कुणाला फारसं गेलेलं पाहिलं नाही. आणि मामाचा राग खोटा नव्हता. 1583 साली साष्टीतल्या कुंकळ्ळीत पाद्री आणि त्यानंतर असोळण्यात गावकरी कसे मारले गेले ते आधी वाचा, मग क्रिस्तपुराण उघडा. मी उलट क्रमाने वाचलं, म्हणून त्या दिवशी देवखोलीपाशी गप्प उभा राहिलो.

आषाढीला माशेलला यायचं असेल तर आदल्या रात्रीचा मुक्काम ठरवून या. पहाटेच्या भजनाला पणजीहून बस मिळणार नाही.