श्रावण संपला, पुढं काय?

"मॅडम, श्रावणात महिनाभर घरात कुणाची तक्रार नव्हती. आता दसरा होऊन गेला, तर पोरगा माझ्या हातचं जेवतच नाही. अगदी मटणासारखं करून घालते, तरी नाही. माझं चुकतंय कुठं?"

भोसरीहून आलेल्या एका ताईंचा हा प्रश्न. मी आहाराचा सल्ला देते, आणि मांसाहार सोडू पाहणाऱ्या घरांतून मला तो वेगवेगळ्या शब्दांत सतत विचारला जातो. घरच्या घरी मटणासारखं, खिम्यासारखं करून घातलं तर चालेल ना? त्यात ताकद असते का? आणि सगळं करूनही माणसं जेवत का नाहीत? ताईंच्या घरी जे घडलं ते त्यांच्या परवानगीनं सांगते. नावं घेत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

घर मूळचं जुन्नरकडचं. यजमानांची आदल्या वर्षी अँजिओप्लास्टी झालेली. लाल मांस आणि तेल कमी करा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मुलगी कॉलेजात. तिनं मटण, अंडी, दूध सगळंच सोडलेलं, आणि ते मनापासून. मुलगा चौदा वर्षांचा, कबड्डी खेळणारा. सासूबाई माळकरी, गेली बावीस वर्षं. एका घरात चार तऱ्हेची ताटं वाढून थकलेल्या ताईंनी श्रावणाचा मुहूर्त धरून ठरवलं की आता सगळ्यांचं एकच, वनस्पतीजन्य. दूधही हळूहळू बंद.

श्रावण बिनबोभाट गेला. पण तो जातोच. आपल्याकडे श्रावण सोपा जातो, कारण त्याला शेवट असतो. पुढं गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र, म्हणून कुणी काही विचारलं नाही. दसऱ्यानंतरच्या रविवारी मुलानं विचारलं, "आज मटण?" आणि तेव्हा त्याला कळलं की श्रावण संपणारच नाहीये. निर्णय आई आणि बहीण या दोघींनी स्वयंपाकघरात घेतला होता. बाकीच्यांना तो ताटात दिसला.

त्यानंतर ताईंनी जे केलं ते फार आया करतात. सोया चंक्स भिजवून, मिक्सरला फिरवून, घरचा काळा मसाला घालून खिमा केला आणि मुलाला सांगितलं, "बाबांनी आणलाय सकाळी." मुलानं चार पाव खाल्ले. संध्याकाळी ओल्या कचऱ्याची बादली खाली न्यायला तोच गेला, आणि कांद्याच्या सालींखाली सोयाचं रिकामं पाकीट त्याला दिसलं. ते पाकीट त्यानं धुऊन, पुसून आईच्या उशाशी नेऊन ठेवलं. बोलला काहीच नाही. दुसऱ्या दिवसापासून क्लबजवळच्या गाडीवर ऑम्लेट-पाव.

हे सांगताना ताईंचे डोळे भरून आले. मी त्यांना विचारलं, त्यानं तो खिमा आवडीनं खाल्ला होता का? "चार पाव, मॅडम." म्हणजे चवीचा प्रश्न तेव्हाच सुटलेला होता. मोडला होता तो विश्वास, आणि तो दुसऱ्या कुठल्या मसाल्यानं परत येणार नव्हता. घरी केलेल्या पर्यायाला त्याचं स्वतःचं नाव द्यायचं. सोयाचा खिमा असेल तर सोयाचा खिमा म्हणूनच वाढायचा. हे मी प्रत्येक घराला सांगते, आणि यात तडजोड करत नाही.

मग मी त्यांच्याकडून तीन दिवसांच्या जेवणाची नोंद लिहून घेतली. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी आणि पातळ वरण, रात्री ढिंगरी अळंबीचं सुक्कं आणि भाकरी. एका दिवशी डबाबंद कोवळ्या फणसाचं 'मटण'. मेहनत बघून मला भरून आलं. पण हिशेब जमत नव्हता. फणस शिजल्यावर रेषेरेषेनं सुटतो, दिसतो अगदी मटणासारखा, पण त्यात प्रथिनं फार थोडी. ताजी अळंबीसुद्धा शंभर ग्रॅममागे तीनेक ग्रॅमच देते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला वजनाच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. यजमान 72 किलोंचे, म्हणजे साठेक ग्रॅम. त्यांच्या ताटात त्याच्या बरंच खाली भरत होतं. मुलगा वाढत्या वयाचा, वरून रोज दोन तास मैदानावर. तो चिडचिडा झाला होता त्याचं थोडं कारण भूकही होती.

कोरडे सोया चंक्स मात्र शंभर ग्रॅममागे पन्नासच्या वर प्रथिनं देतात. माणशी तीस ग्रॅम कोरडे घेतले तरी पंधरा ग्रॅम झाली. त्याला घट्ट वरण, मटकी, हरभरा, शेंगदाणे, तीळ यांची जोड दिली की अडचण राहत नाही. फणस आणि अळंबी चवीसाठी ठेवा, जेवणाचा भार कडधान्यांवर आणि सोयावर टाका, एवढा बदल मी पहिल्या भेटीत सांगितला.

दुसऱ्या भेटीला मी सगळ्यांना बोलावलं. मुलगा हाताची घडी घालून बसला होता. त्याला पहिली शंका होती ती मित्रांनी घातलेली: सोया खाल्लं की पोरं बायकी होतात. हसण्यावारी न्यायची ही गोष्ट नाही. चौदाव्या वर्षी असं वाक्य मनात घर करून बसतं. मी त्याला सरळ सांगितलं की सोयात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी साधर्म्य असलेले वनस्पतीजन्य घटक असतात हे खरं, म्हणूनच ही शंका निघाली. पण पुरुषांवर झालेल्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा सोया खाण्यानं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घटलेलं दिसलं नाही. त्यानं घडी सोडली. "मग आधी सांगायचं ना," एवढंच आईकडे बघून म्हणाला.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र एक पाळावं. ताई स्वतः ती गोळी घेत होत्या आणि अर्ध्या तासात सोया घातलेला उपमा खात होत्या. सोयामुळे गोळी नीट शोषली जात नाही. दोन्हींत चारेक तासांचं अंतर ठेवायला सांगितलं.

सासूबाईंच्या तळपायाला मुंग्या येत होत्या. वय झालं म्हणून त्या गप्प होत्या. मी डॉक्टरांकडे पाठवलं, बी-12 खूप खाली निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. माळकऱ्यांना दूध-दह्यातून थोडं तरी मिळतं. दूधही सोडलेल्या नातीला अन्नातून जवळजवळ काहीच मिळणार नव्हतं. डाळ, सोया, पालेभाजी, यातल्या कशातच बी-12 नसतं. पूर्ण वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्यानं ते बाहेरून घ्यायलाच हवं. काय आणि किती ते डॉक्टरांना विचारून. घरात हा बदल करणार असाल तर मसाल्याच्या आधी बी-12 च्या गोळीची सोय करा, असं माझं कळकळीचं सांगणं असतं.

यजमान इतका वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "खायचं काय ते कळलं मॅडम. पण रविवारी सकाळी मी करायचं काय?"

खोलीत एकदम शांतता झाली. गेली वीस वर्षं रविवारी साडेसातला पिशवी घेऊन दुकानावर रांगेत उभं राहायचं, पुढचा पाय, चाप, दोन नळ्या असं सांगून समोर तोडून घ्यायचं, येताना खोबरं-कोथिंबीर आणायची. घरच्या जेवणात त्यांचा वाटा तेवढाच होता, आणि तो न विचारता काढून घेतला गेला होता. मुलाचाही तसाच वाटा होता. "नळी माझी असायची," तो म्हणाला.

मी ताईंना म्हटलं, पर्याय तुम्ही एकटीनं करू नका. असा काही करा की ज्याला यांचे हात लागतील.

असा पदार्थ म्हणजे गव्हाचं ग्लुटेन, गव्हातलं चिकट प्रथिन. एक किलो मैदा, चमचाभर मीठ, घट्ट कणकेइतकं पाणी. दहा-पंधरा मिनिटं जोर लावून मळायचं, मग तो गोळा तासभर पाण्यात बुडवून ठेवायचा आणि त्याच पाण्यात दाबून दाबून धुवायचा. पाणी दुधासारखं पांढरं होतं. ते काढायचं, नवीन घालायचं. पाच-सहा पाण्यांनंतर हातात पिवळसर, रबरासारखा ताणणारा गोळा उरतो, अडीचशे-तीनशे ग्रॅमचा. नुसत्या कणकेनं होत नाही असं नाही, पण कोंड्यामुळे गोळा तुटतो आणि धुताना हाताला लागत नाही. पहिल्यांदा करताना मैदाच बरा.

हे काम यजमान आणि मुलानं मिळून करायचं ठरलं. पहिल्या रविवारी दोघांनी मोरीत बसून मैदा धुतला. ताईंनी नंतर सांगितलं ते मला फार आवडलं. सासूबाई बघायला आल्या, पांढरं पाणी ओतताना पाहून ओरडल्या, "अरे, तो चीक आहे! टाकताय काय?" कुरडईसाठी गहू भिजवून आपण जो चीक काढतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त कुरडईला आपण चीक ठेवतो आणि इथं तो धुऊन काढतो. त्यांनी ते पाणी पातेल्यात झाकून ठेवलं, खाली बसलेला चीक हिंग, जिरं, मीठ घालून शिजवला आणि वर शेंगदाण्याचं तेल सोडून सगळ्यांना वाटीवाटी दिला.

गोळा शिजवण्यात मात्र पहिल्या खेपेला चूक झाली. त्यांनी कुकरला चार शिट्ट्या केल्या. तो फुगून स्पंजासारखा झाला आणि सासूबाईंच्या शब्दांत "चपलेचा तळ" निघाला. मी फोनवर सांगितलं ते असं: गोळा स्वच्छ फडक्यात घट्ट बांधा. कांदा, लसूण, तमालपत्र, दगडफूल घातलेल्या पाण्यात मंद आचेवर पाऊण तास ठेवा. पाणी नुसतं थरथरलं पाहिजे, खळखळून उकळता कामा नये. त्याच पाण्यात गार होऊ द्या, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी सुरीनं न कापता हातानं तोडा, म्हणजे कडा ओबडधोबड राहतात आणि मसाला धरतात. आले-लसूण, हळद, लिंबू लावून तव्यावर कडेनं खरपूस करा, आणि रश्शात शेवटची दहा मिनिटंच सोडा.

सोया चंक्सचंही तेच. गरम मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवून पिळायचे, पुन्हा धुऊन पिळायचे. दोनदा. त्याचा जो उग्र वास लोकांना नकोसा होतो तो या पाण्याबरोबर जातो. ओल्या चंक्सवर मसाला घातला तर तो बाहेरच राहतो, म्हणून आधी तव्यावर कोरडे करायचे.

ग्लुटेन ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी हा पदार्थ अजिबात नाही. शिवाय गव्हाच्या प्रथिनात लायसिन हा शरीराला लागणारा घटक कमी असतो, म्हणून त्याच जेवणात डाळ किंवा उसळ हवीच. यजमानांसाठी तर्रीचं तेल आणि मीठ दोन्हींवर हात आवरायला सांगितलं. बाजारातल्या तयार 'व्हेज मटण' पाकिटांत मीठ किती आहे ते वाचल्याशिवाय ती हृदयरोग्याच्या घरी नेऊ नयेत.

पण या घराचा खरा धडा मला सासूबाईंकडून मिळाला. तिसऱ्या भेटीत मी सहज विचारलं, "बावीस वर्षं रविवारी सगळे मटण खायचे, तेव्हा तुम्ही काय खायचात?" त्या म्हणाल्या, "तेच की. मटण पडायच्या आधी वाटण बाजूला काढायचं. त्याच कांदा-खोबऱ्याचा रस्सा माझ्या छोट्या पातेल्यात. कधी वांगं, कधी शेवगा, कधी मासवडी." आमच्या सगळ्यांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. जुन्नर-आंबेगावची मासवडी! तिच्यात मासा नाही, फक्त आकार माशासारखा. शिजवलेल्या बेसनाच्या पोळीत भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, कांदा, लसूण भरून वळलेली, वडी पाडून झणझणीत रश्शाबरोबर खायची. बेसनामुळे प्रथिनंही चांगली. या घरात पर्याय बावीस वर्षं शिजत होता, एका छोट्या पातेल्यात, आणि त्याकडे कुणी बघितलं नव्हतं. ताई मोबाइलवर परदेशी पाककृती शोधत होत्या आणि रश्शाची जाणकार शेजारच्या खोलीत माळ ओढत बसली होती.

त्यानंतर रविवारचा रस्सा सासूबाईंनी हातात घेतला. छोटं पातेलं माळ्यावर गेलं, मोठं खाली आलं. मटणाच्या रश्शाची ती गडद चव बरीचशी भाजण्यातून येते. खोबरं काळपट तांबूस होईपर्यंत, कांदा थेट जाळावर. हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. नळीच्या जागी त्यांनी नातवाच्या वाटीत शेवग्याच्या शेंगा टाकल्या. तो म्हणाला, "आजी, ही नळी नाही." त्या म्हणाल्या, "नाहीच. शेंग आहे. चोख." त्यानं चोखली.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. मुलगा अजून आठवड्यातून दोनदा ऑम्लेट खातो, आता आईला सांगून. मुलीला ते आवडत नाही, यावरून दोघांचं वाजतं. मी मुलीला सांगितलं की तुझा निर्णय तू घेतलास, त्याचा त्याला घेऊ दे. ती अजून माझ्यावर थोडी नाराज आहे. यजमान रविवारी साडेसातला अजूनही पिशवी घेऊन निघतात, मंडईत.

मार्चमध्ये सासूबाईंचा फोन आला. चैत्रात गावची जत्रा. दुसऱ्या दिवशी भावकीत मटण असतंच, नातू काकाकडे खाणार आहे, त्याला अडवायचं नाही असं घरात ठरलंय. पण या वर्षी आपल्या घरचंही एक पातेलं मांडायचं त्यांच्या मनात होतं. "चाळीस माणसांना मैदा किती लागंल गं?"

मी हिशेब केला, नऊ-दहा किलो तरी.

"दहा किलो? आणि धुयाचा कुठं?" त्या म्हणाल्या. "चैत्रात आमच्या टाकीला पाणी नसतंय. ऱ्हाऊ दे. मासवड्याच करते."