मुंबईच्या गिरणगावातली, म्हणजे लालबाग-परळच्या कापडगिरण्यांच्या भागातली, मराठी वस्ती आटली, ती लोकांनी पैशाच्या मोहाने खोल्या विकल्या म्हणूनच ना?

नाही. उत्तर द्यायला बसले ते त्या ‘मोहा’मुळे. माझे काका दर गणपतीत गावच्या ओटीवर हेच बोलतात.

बाबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होते. अडीच लाख कामगार बाहेर पडले. सुरुवातीला गावाहून तांदूळ आला, शेजारी उधार देत होते. शिमग्यानंतर आईने पाटल्या मोडल्या. पावसाच्या आधी आम्हा भावंडांना संगमेश्वरला आजीकडे धाडलं. पुढे काहींना कामावर परत घेतलं, बाबांना नाही. त्यांनी वॉचमनकी केली, भाजी विकली आणि १९९३ला खोली विकली. पागडीची खोली, म्हणजे मालकी घरमालकाची आणि आमचा फक्त भाडेहक्क, त्यामुळे आधी घरमालकाचा वाटा गेला, मग सावकाराचा. ताईचं लग्न झालं आणि उरलेल्यात नालासोपाऱ्याला एक खोली आली. यात मोह कुठे दिसतो? काकांची खोली टिकली, कारण त्यांची नोकरी सरकारी होती आणि पगार एक तारखेला हातात पडायचा.

आकडे हवे असतील तर मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ला ३३.३८ लाख होती, २०११ला ३०.८५ लाख. त्याच दहा वर्षांत आमच्या गावचा रत्नागिरी जिल्हाही १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आला. म्हणजे चाळ सुटली म्हणून माणूस गावी परतला असं झालं नाही. तो विरार, डोंबिवलीला गेला. रत्नागिरीत २०११ला हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. घरचे पुरुष अजून बाहेरच आहेत, फक्त आता मनीऑर्डर येत नाही.

माझ्या मते गिरणगाव जमिनीच्या भावाने रिकामं केलं. १९९१च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: एक मोकळ्या जागेला, एक घरांना, एक मालकाला. २००१ला नियम बदलून वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती केली आणि २००६ला सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. कामगारांच्या घरांना मिळू शकणारी जमीन तिथेच आक्रसली.

संपाआधीच यंत्रं जुनाट झाली होती, भिवंडीचे यंत्रमाग स्वस्तात कापड काढत होते, आणि संप फार ताणला गेला, हेही खरंच. काही लोकांनी चांगल्या भावाने, राजीखुशीने खोल्या विकल्या, तेही मी पाहिलंय. पण सगळ्यांना त्यात ओढू नका.

म्हाडाच्या गिरणी कामगार घरासाठी बाबांनी अर्ज केला होता. नंबर लागायच्या आत ते गेले. आता त्यावर वारस म्हणून आईचं नाव आहे. काका, वाचत असाल तर यंदा ओटीवर हा विषय काढू नका. आई आत माजघरात असते आणि तिला सगळं ऐकू येतं.